रीफ टँकमधले नको असलेले पाहुणे: दगड उकळण्याआधी त्यांची ओळख पटवा

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरात घर, दोनशे लिटरचा रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, कोरल म्हणजे प्रवाळ ठेवलेला), अजून वर्ष झालेलं नाही. आत क्लाऊन माशांची जोडी, आणि झोआ, मशरूम, लेदर ही मऊ कोरल. मुंबईहून आलेल्या झोआच्या फ्रॅगच्या (लावायला तोडलेल्या लहान तुकड्याच्या) बुंध्याशी तपकिरी, पारदर्शक, लांब हातांची फुलं उगवली आणि आता ती मागच्या दगडांवरही दिसतात. वाळूवर लालसर थर धरतो. रात्री टॉर्च मारली की दगडांच्या भेगांतून केसाळ किडे बाहेर येतात. दगडांवर पांढऱ्या कडक नळ्या आहेत आणि त्यांच्या तोंडाशी चिकट धागे लोंबतात. ओळखीच्या एकाने सांगितलं की दगड काढून उकळत्या पाण्यात टाका, सगळं एका दमात मरेल. रविवारी हे करून टाकू का, असं तुम्ही विचारलंय.

करू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल, पण हे आधी वाचा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा.

झोआ आणि त्यांच्या जवळच्या नात्यातले पॅलिथोआ यांच्या शरीरात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं. हवाई बेटांवरच्या पॅलिथोआतून ते वेगळं काढल्याचं 1971 साली प्रसिद्ध झालं. सजीवांत सापडणाऱ्या सर्वांत जहाल विषांत त्याची गणना होते. प्रत्येक झोआत ते असतंच असं नाही, प्रमाणही जातीप्रमाणे बदलतं, पण नुसतं पाहून ते ओळखता येत नाही. उकळल्याने हे विष जात नाही. उलट वाफेच्या तुषारांबरोबर ते हवेत पसरतं आणि स्वयंपाकघरात उभा असलेला प्रत्येक जण ते श्वासाबरोबर आत घेतो. 2018 साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या स्टीव्हनटन गावात घरचा टँक साफ करताना एका कुटुंबाला अशी बाधा झाली, आणि मदतीला आलेल्या पोलिसांनाही रुग्णालयात न्यावं लागलं. म्हणून उकळणं नाही, गरम पाणी ओतणं नाही, प्रेशरच्या पाण्याने धुणं नाही आणि झोआ असलेला दगड कोरडा करून ब्रशने घासणंही नाही. त्या दगडाला हात लावताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. कधी तोंडात कडवट, धातूसारखी चव आली, खोकला, धाप, थंडी-ताप, अंगदुखी सुरू झाली तर घर मोकळं करा, थेट रुग्णालय गाठा आणि 'पॅलिटॉक्सिन' हा शब्द डॉक्टरांना कागदावर लिहून द्या. लक्षणं काही तासांनी दिसू शकतात, त्यामुळे संध्याकाळच्या तापाचा संबंध सकाळच्या साफसफाईशी कोणी जोडत नाही.

दुसरं कारण माशांच्या बाजूचं आहे. रीफ टँकमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू मुख्यतः दगडात राहतात. दगड उकळले की ते मेले. मग ते दगड परत आत ठेवले की आतल्या मेलेल्या जीवांची घाण आणि माशांची घाण एकदम पाण्यात साठते आणि क्लाऊनची जोडी हातची जाते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. तुम्ही चार निरनिराळ्या जीवांना एकाच रांगेत उभं केलंय आणि सगळ्यांवर एकच औषध शोधताय. मी सोलापुरात आणि आसपास मरीन टँक बसवून देतो, सांभाळतो. बहुतेक टँक या जीवांमुळे जात नाहीत, ओळख न पटवता केलेल्या उपायामुळे जातात. तुमच्या चौघांत एकच खरा शत्रू आहे. एक मित्र आहे. एक त्रास देतो पण त्याची घाई नाही. आणि लाल थर ही मुळात पाण्याची तक्रार आहे.

शत्रू म्हणजे ती तपकिरी फुलं. तुमच्या वर्णनावरून ते ऐप्टेसिया आहे, लहान जातीचं समुद्रफूल. बारीक देठ, वर पसरट तोंड, भोवती लांब, टोकाला निमुळते होणारे हात. स्पर्श केला की क्षणात भोकात आत जातं. तरी खात्री करून घ्या. पंख्यासारखे पिसारे आणि खाली नळी असेल तर तो नळीतला निरुपद्रवी किडा आहे, त्याला हात लावू नका. हात आखूड, टोकं फुगीर आणि रंगात हिरवी-गुलाबी झाक असेल तर ते मजानो, ऐप्टेसियाचाच चुलतभाऊ, उपाय जवळपास सारखेच. फोटो निळ्या दिव्यात काढू नका, त्यात सगळंच चमकतं. पांढरा दिवा लावा, पंप बंद करा आणि काचेला मोबाईल टेकवून काढा.

ऐप्टेसिया वाईट का? त्याचे हात शेजारच्या कोरलला डंख मारतात, झोआ मिटून राहतात आणि हळूहळू जागा सोडतात. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट त्याच्या वाढीची आहे. त्याच्या पायाचा बारीकसा तुकडा दगडावर राहिला तरी त्यातून नवं ऐप्टेसिया उभं राहतं. म्हणून चिमट्याने उपटू नका, ब्लेडने खरवडू नका, बोटाने चिरडू नका. तुमच्या मागच्या दगडांवर ती कशी पोचली हे तुम्ही विचारलं नाहीत, पण फ्रॅग साफ करायला म्हणून ब्रश फिरवला असेल तर तुकडे प्रवाहाबरोबर मागे जाणारच. शिवाय त्याच्या अंगात प्रकाशावर अन्न बनवणारे सूक्ष्म शैवाल असतं, त्यामुळे नुसता खाऊ बंद करून ते उपाशी मरत नाही. खाऊ जास्त असेल तर मात्र ते झपाट्याने वाढतं.

उपाय संख्येवर ठरतो. मोजता येतील एवढी असतील तर चुना पुरेसा आहे. मोजता येत नसतील तर त्याला खाणारा जीव आणावा लागतो.

चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पानाच्या डबीतला चालेल का, असं मला इथे हमखास विचारतात. रसायन तेच आहे, पण डबीत त्याबरोबर आणखी काय मिसळलंय ते कळत नाही, म्हणून मी खाद्य दर्जाची किंवा प्रयोगशाळेची पावडर वापरतो. आरओच्या थोड्या पाण्यात कालवून घट्टसर पण सुईतून जाईल अशी पेस्ट करा. मेडिकलमधून लहान सिरिंज आणि बोथट टोकाची सुई घ्या. चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो, चष्मा काढू नका. सगळे पंप बंद करा. आधी किंचित खाऊ सोडा, फुलं पूर्ण उघडतील. मग सुई हळू नेऊन तोंडाच्या मधोमध पेस्ट सोडा, ते स्वतःच गिळू लागतं. घाई केलीत आणि ते भोकात गेलं तर त्या भोकावर पेस्टचा थर द्या किंवा सुपर ग्लूच्या जेलने भोक बुजवून टाका. पंधरा-वीस मिनिटं पंप बंदच ठेवा, नाहीतर चुना झोआवर जाऊन बसेल. एका बैठकीत पाच-सहाच करा. चुन्याच्या संपृक्त पाण्याचा पीएच साधारण 12.4 असतो आणि रीफचं पाणी 8 ते 8.4 च्या दरम्यान हवं, दोनशे लिटरला जास्त चुना झेपत नाही. आठ-दहा दिवसांनी त्याच जागी बारीक पिल्लं दिसतील. त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं, हे काम असंच टप्प्याटप्प्याने संपतं.

झोआच्या अगदी बुंध्याशी जी आहेत तिथे टँकमध्ये चुना सोडू नका. फ्रॅगचा प्लग (तो चिकटवलेली छोटी चकती) उचला, टँकचंच पाणी घेतलेल्या वाडग्यात ठेवा, हातमोजे घालून तिथे काम करा आणि ते पाणी परत टँकमध्ये ओतू नका.

खाणाऱ्या जीवांबद्दल ऐकीव माहिती फार आहे. पेपरमिंट कोळंबी ऐप्टेसिया खाते हे खरं, पण प्रत्येक कोळंबी खाईलच याची हमी नाही, आणि मोठं ऐप्टेसिया ती बहुधा सोडून देते. मुख्य अडचण अशी की ती मूळची पश्चिम अटलांटिकमधली आहे, तर तिच्यासारखी दिसणारी कॅमल कोळंबी हिंदी-प्रशांत महासागरातली. आपल्याकडे पेपरमिंट या नावाने दुसरीच हातात पडण्याची शक्यता जास्त. पाठीवर कुबड, डोळे मोठे आणि अंगावर लाल-पांढऱ्या ठळक रेषा असतील तर ती कॅमल आहे. ती तुमचे झोआ आणि मशरूमच खाईल. बर्गिया नावाची लहानशी समुद्री गोगलगाय फक्त ऐप्टेसियावर जगते, दुसरं काहीच खात नाही, म्हणून ती सर्वांत निर्धोक. पण ती सावकाश काम करते, रॅससारखे मासे तिला गट्ट करतात, आणि ऐप्टेसिया संपलं की ती उपाशी मरते. तेव्हा काम झालं की ज्याच्या टँकला गरज आहे त्याला ती देऊन टाकावी. कॉपरबँड बटरफ्लाय मासाही ऐप्टेसिया खातो, मात्र दोनशे लिटरमध्ये तो ठेवू नका. त्याला मोठी जागा लागते, तयार खाऊ तो सहज घेत नाही आणि अनेकदा कुढत मरतो. एका तणासाठी एका माशाचा जीव घेणं मला पटत नाही.

केसाळ किडे म्हणजे ब्रिसल वर्म. हे तुमचे मित्र. उरलेला खाऊ, मेलेली गोगलगाय, वाळूतली घाण हे रात्रभर खातात. मेलेल्या कोरलवर ते दिसतात म्हणून त्यांनीच मारलं असा आरोप होतो, पण ते नंतर आलेले असतात. कोरल कुरतडणारा फायरवर्म वेगळा, तो अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातला, तुमच्याकडे असण्याची शक्यता कमी. उघड्या हाताने मात्र पकडू नका, केस कातडीत घुसतात. घुसलेच तर चिकटपट्टी लावून ओढून काढा. फार झाले असं वाटलं तर खाऊ कमी करा, त्यांची संख्या आपोआप उतरते.

पांढऱ्या नळ्या म्हणजे व्हर्मेटिड गोगलगाय. शंख दगडाला कायमचा चिकटवून ती चिकट धाग्यांचं जाळं सोडते आणि पाण्यातले कण पकडते. धागे कोरलवर पडले की तिथले पॉलिप, म्हणजे कोरलचे एकेक लहान जीव, मिटून राहतात. थोड्या असतील तर प्रत्येक नळीच्या तोंडावर सुपर ग्लूच्या जेलचा थेंब, नाहीतर नळी मुळापासून मोडून टाका. कोरलसाठी पावडरचा खाऊ घालत असाल तर तो थांबवा, त्यांचं पोट त्यावरच भरतं. दोन-चार महिने दिलेत तरी चालतील.

लाल थराचं प्रकरण जास्त विचाराचं आहे, कारण इथे ओळख चुकली तर उपाय बरोबर उलटा पडतो. लाल-जांभळा, चादरीसारखा सलग उचलून येणारा, उग्र वासाचा थर असेल तर तो सायनोबॅक्टेरिया. शैवाल म्हणतात, पण ते जिवाणू आहेत. त्याला प्रवाह कमी असलेली जागा, कुजणारा खाऊ आणि खराब टॉप-अपचं (उडालेल्या पाण्याच्या जागी घालायचं) पाणी आवडतं. थर तपकिरी, शेंबडासारखा धागेदार, टोकांना हवेचे बुडबुडे अडकलेला, दिवे बंद झाल्यावर कमी होणारा आणि सकाळी पुन्हा वाढणारा असेल तर ते डायनोफ्लॅजेलेट. हे बऱ्याचदा फार स्वच्छ पाण्यात येतात, नायट्रेट आणि फॉस्फेट (शैवालाला पोसणारे क्षार) दोन्ही शून्य झालेल्या टँकमध्ये. सायनोला पाणी बदलून फायदा होतो, डायनोला त्याच पाणीबदलाने बळ मिळू शकतं. त्यांच्या काही जाती पॅलिटॉक्सिनसारखी विषं बनवतात आणि त्या खाऊन गोगलगायी मरतात, म्हणून इथेही हातमोजे.

घरी करता येईल अशी तपासणी आहे. पिपेटने थोडा थर आणि टँकचं पाणी लहान बाटलीत घ्या, झाकण लावून जोरजोरात हलवा, कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळा. खाली आलेलं पाणी दिव्याखाली तासभर ठेवा. पाण्यात पुन्हा धागे, गोळे जमले तर डायनो असण्याची दाट शक्यता. पाणी तसंच राहिलं तर बहुधा सायनो. ओळखीत कोणी प्राध्यापक असतील तर कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली एक थेंब बघा, पाच मिनिटांत शंका मिटते.

सायनो निघाला तर पाणी बदलताना नळीने थर ओढून घ्या, वाळूवर प्रवाह वाढवा, फ्रोजन खाऊ गाळणीत धुऊन मगच घाला. एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या टाकायला सांगणारे भेटतील. मी टाकत नाही आणि टाकू देत नाही. त्यात दगडातले कामाचे जिवाणूही मरू शकतात, आणि अँटिबायोटिकचं पाणी शेवटी गटारात जातं. डायनो निघाले तर पाणीबदल थांबवा, खाऊ किंचित वाढवा, नायट्रेट 5 ते 10 पीपीएम (दशलक्षात इतके भाग) आणि फॉस्फेट 0.05 ते 0.1 पीपीएमच्या आसपास टिकवा, म्हणजे बाकीचे सूक्ष्मजीव त्यांची जागा घेतात. त्यातल्या काही जाती रात्री पाण्यात तरंगतात, त्यांच्यावर यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा चांगला चालतो. वाळूतच राहणाऱ्या जातींवर त्याचा फारसा उपयोग नाही.

आपल्या गावच्या पाण्याबद्दल वेगळं सांगायला हवं. सोलापूरला मुख्यतः उजनी धरणाचं पाणी येतं. पुणे-पिंपरी चिंचवडचं सांडपाणी भीमेतून उजनीत उतरतं, त्यामुळे त्या पाण्याला शैवाल वाढवणाऱ्या क्षारांची कमतरता नसते. नळाला पाणी काही दिवसांआड, मधल्या दिवसांत बोअर नाहीतर टँकर, म्हणजे एकाच महिन्यात तुमच्या टाकीत तीन प्रकारचं पाणी. तुम्ही 'आरओचंच वापरतो' असं लिहिलंय. पिण्याच्या आरओत बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) कंट्रोलर असतो, तो चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी मुद्दाम परत मिसळतो. रीफसाठी हे चालत नाही. आरओनंतर डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारे दाणे) लावा आणि मीटरवर टीडीएस शून्य येईपर्यंत समाधान मानू नका. उन्हाळ्यात आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की पाणी भराभर उडतं. उडतं ते गोडं पाणी, क्षार मागे राहतात. मग रोज टॉप-अप, आणि टॉप-अपमध्ये रोज थोडा नायट्रेट-सिलिकेट. थर का परत येतो याचं उत्तर अनेक घरांत तिथेच सापडतं.

त्याच कोरड्या हवेचा एक फायदाही आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर साधा पंखा सोडला तरी तापमान दोन-तीन अंश उतरतं. तुमचा टँक 26 अंशांच्या आसपास राहत असेल तर काम आताच सुरू करा. 29-30 वर जात असेल तर आधी तापमान, मग ऐप्टेसिया. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, एकदम बरेच जीव मेले की उरलेलाही खर्च होतो, आणि नेमकी तेव्हा वीज गेली तर मासे सकाळपर्यंत टिकत नाहीत. बॅटरीवर चालणारा एअर पंप तयार ठेवा.

तर क्रम असा धरा. या आठवड्यात फक्त फोटो, थराची तपासणी आणि टॉप-अपच्या पाण्याचा टीडीएस. पुढच्या आठवड्यापासून खाऊ कमी (थर डायनोचा निघाला तर मात्र नाही) आणि चुन्याची पहिली बैठक, दर्शनी दगडांवरून सुरुवात करून मागे मागे जात. नळ्या जमेल तशा. किड्यांना सोडून द्या. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

पुढच्या खरेदीचं आताच ठरवा. मुंबईहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्रभर थर्माकोलच्या पेटीत आलेला फ्रॅग थकलेला असतो, त्याला आधी पाण्याशी जुळवून घेऊ द्या, मग कोरल डिपमध्ये, म्हणजे किडे सोडवणाऱ्या औषधी पाण्यात, बुडवा. डिपने चालणारे-फिरणारे जीव सुटतात, अंडी सुटत नाहीत, आणि ऐप्टेसिया तर सहसा मरत नाहीच. म्हणून फ्रॅग ज्या प्लगवर आला तो शक्य तर फेकून नव्या प्लगवर लावा, आणि लहान वेगळ्या टाकीत चार ते सहा आठवडे ठेवून आठवड्याला एकदा डिप द्या. एक दिवा, एक छोटा पंप आणि वीस लिटरची टाकी एवढ्यात हे भागतं.

आणि बदली दगड म्हणून कोकणच्या किनाऱ्यावरून काही उचलून आणू नका. कठीण प्रवाळांच्या सगळ्या जाती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहेत, तो गुन्हा आहे. शिवाय मालवणच्या समुद्रात आधीच कमी उरलेला प्रवाळ आपल्या हौसेसाठी तुटणं बरोबर नाही. सिरॅमिकचे किंवा बनवलेले कोरडे दगड मिळतात, त्यांच्याबरोबर एकही ऐप्टेसिया येत नाही.

आता मला तीन गोष्टी पाठवा: पांढऱ्या दिव्यातला लाल थराचा सकाळचा आणि रात्रीचा फोटो, नायट्रेट-फॉस्फेटचे आकडे, आणि दुपारी तीन वाजताचं पाण्याचं तापमान. ते पाहिल्यावर थराचं पक्कं सांगता येईल. ऐप्टेसियासाठी माझ्या उत्तराची वाट बघायची गरज नाही, फक्त तापमान ठीक असल्याची खात्री करून घ्या.